हंडा दारातून जात नाही

हंडा दारातून जात नाही, हे थोरल्याने सकाळी पहिल्याच खेपेला मान्य केलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं. पण थोरला वजनमापं खात्यातला निवृत्त निरीक्षक. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या तराजूंतली खोट काढलेली. आपल्याच घराच्या दाराने आपल्याला चकवावं, हे त्याच्या पचनी पडेना. त्याने हंड्याचं पोट मोजलं, दार मोजलं, आकडे पसंत पडले नाहीत म्हणून टेप बदलून आणली आणि पुन्हा मोजलं.

"टेपेत दोष नाहीये," थोरली म्हणाली. ती त्याची बायको. हाताची घडी घालून ती हे मघापासून बघत होती.

"दोष आहे असं म्हणत नाही मी. खात्री करून घेतोय."

"करा. तीन बोटांनी अडतोय. सकाळी तीन बोटं होती, आता पण तीनच आहेत. हंडा तांब्याचा आहे, लाजून बारीक होणार नाही."

दाराबाहेर, दोन्ही घरांच्या सामाईक पायरीवर, आई बसली होती. तिच्या शेजारी कापडी पिशवी होती, तोंड सुतळीने बांधलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती पिशवी आधी दिसत होती, मग आई. पिशवी मुद्दामच तशी ठेवलेली होती.

पिशवीचं कारण असं. या घरात सणाच्या दिवशी एकच पदार्थ व्हायचा. अख्खे गहू आणि हाडासकट मटण मोठ्या हंड्यात दिवसभर शिजवायचं, गहू कुठला आणि मटण कुठलं हे त्यांचं त्यांना आठवेनासं होईपर्यंत. या पदार्थाला नाव नव्हतं. घरात त्याला 'ते' म्हणत. निवडणं, भिजवणं, मीठमसाला हे बायकांचं काम. लाकडी वल्ह्याने ढवळणं पुरुषांचं, आणि तेही पाळीने. ज्याच्या हातात वल्हं त्याने चुलीपासून हलायचं नाही. घराला आग लागली तरी आधी वल्हं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, मग पळायचं, असं आईचा नवरा सांगून गेला होता.

तो गेल्यानंतरच्या पहिल्याच सणाला 'ते' करपलं. थोरला म्हणाला पाळी धाकट्याची होती, धाकटा म्हणाला पाळी थोरल्याची होती. दुपारी भांडण वल्ह्याचं होतं, संध्याकाळी घराचं झालं आणि पुढच्या महिन्यात त्याची भिंत झाली. भिंत बांधली जावयाने. तो गवंडी; आणि घरचं काम म्हणून त्याने जरा जास्तच मन लावून बांधली. भिंत स्वयंपाकघराच्या बरोबर मधून गेली. हंडा थोरल्याच्या वाट्याला आला, मोठी चूल आणि वल्हं धाकट्याच्या. आपल्याला जास्त मिळालं असं दोघांनाही वाटत होतं, आणि वाटणी यशस्वी व्हायला याहून जास्त काही लागत नाही. त्या आनंदात दोघांनी नवी दारं बसवून घेतली, जुन्यापेक्षा देखणी आणि अंमळ अरुंद. हंडा आत राहिलाय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मापं तपासणाऱ्याच्याही नाही.

त्यानंतर दहा-बारा वर्षं हंड्यात गोधड्या राहिल्या, आणि धाकट्याकडे वल्ह्यावर पंचे वाळले. भावाभावांत बोलणं बंद. आई एक महिना इकडे, एक महिना तिकडे. सणाच्या दिवशी दोन्ही घरांतून तिच्यापुढे ताट यायचं. ती दोन्ही ताटांतला एकेक घास मोडायची आणि दोन्हीकडे एकच वाक्य म्हणायची, "छान झालंय. पोट जरा जड आहे." शब्द इकडे जास्त नाही, तिकडे कमी नाही. मग ती रात्रीपर्यंत उपाशी राहायची.

थोरलीला हे 'छान झालंय' रात्री आठवून झोप यायची नाही. लग्न होऊन आली तेव्हा याच सासूने भर जेवणात विचारलं होतं, "भाजीतलं मीठ माहेरी गेलंय का गं?" त्या दिवशी थोरली माडीवर जाऊन रडली होती. आता तिला त्या वाक्याची आठवण माहेरच्या आठवणीइतकी गोड वाटायची.

आणि परवा आईने अंगणाच्या मधोमध उभं राहून, दोन्ही घरांना पुरेल अशा आवाजात सांगितलं, "यंदा मला भूक आहे. हंड्यात 'ते' शिजलं तर जेवेन. नाही शिजलं तर लेकीकडे जाते. कायमची. पिशवी भरलीय."

आता गहू भिजून टच्च झाले होते, मटण येऊन पडलं होतं, आणि हंडा दाराशी अडला होता. सकाळी चुलीवर चढला नाही तर संध्याकाळी जेवणात नाही, हे 'ते'चं गणित सगळ्यांना पाठ होतं.

"त्याला सांग, आडवा करून काढा म्हणावं," धाकटा अंगणातून आईला म्हणाला. धाकटा घड्याळजी. बारीक वस्तूंवर जन्म गेल्यामुळे मोठ्या वस्तूंबद्दल त्याला फार सोपी मतं होती.

"तो ऐकतोय," आई म्हणाली.

"तरी सांग."

"आडवा करून काढा म्हणतोय."

"त्याला म्हणावं, गोल वस्तू आडवी केली तरी गोलच राहते," थोरला दारातून म्हणाला.

"त्याला म्हणावं, चौकट बसवताना कुठे गेली होती ही अक्कल? का सरकारी टेप घरी वापरायला बंदी होती?"

"हे मी पोचवणार नाही," आई म्हणाली. "कामाचं बोलणं मी पोचवते. टोमण्यांना वेगळा माणूस ठेवा."

लेक आणि जावई तेवढ्यात आले. लेक दोन्ही भावांच्या मधली. लहानपणापासून दोघांच्या मध्येच झोपलेली, त्यामुळे दोघांच्या लाथा तिला ओळखीच्या होत्या. तिने पिशवी पाहिली, आईकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "चौकट काढा."

जावयाने चौकटीवरून हात फिरवला. "काढतो की. पण मी बसवलेली आहे ही. अशी सहज यायची नाही. वरचं सगळं घेऊन येईल खाली."

"तुम्ही बांधलेलं काही निघत नाही, तेच तर या घराचं दुखणं आहे."

"दाजी, खिडकीचं काय?" थोरल्याने विचारलं.

"खिडकीला गज आहेत. ते पण मीच बसवलेत." हे सांगताना जावयाला जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही.

मग चर्चा सुरू झाली. चौकट खालून कापावी की बाजूने, गज आधी की चौकट आधी, छपराची कौलं काढून दोरखंडाने वर घेतला तर. धाकटा आईमार्फत सूचना देत होता, थोरला आईमार्फत त्या फेटाळत होता. थोरलीने क्षणभर ऐकलं आणि ती आत स्वयंपाकघरात निघून गेली.

*

आत, मसाल्याच्या फळीमागे, भिंतीत एक वीट होती. ती बाकीच्या विटांसारखीच दिसायची, फक्त तिच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. भिंत बांधली तेव्हा लेकीने नवऱ्याला सांगितलं होतं, एवढी एक वीट गाऱ्याशिवाय ठेवा, हवा खेळायला. जावई म्हणाला होता, भिंतीत हवा कशाला खेळवायची. लेक म्हणाली होती, खेळू दे. पुढचं त्याने विचारलं नाही. संसारात टिकलेला माणूस होता तो.

त्या विटेतून हवा फारशी खेळली नाही. मीठ, काडेपेटी, लिंबं, विरजण, डोकेदुखीच्या गोळ्या, रस्स्याच्या वाट्या आणि दोन्ही नवऱ्यांच्या कागाळ्या मात्र अखंड येजा करत होत्या. दोन्ही घरांची चव वर्षानुवर्षं एकच होती, आणि आपल्या बायकोच्या हाताला तोड नाही असं दोन्ही भाऊ चारचौघांत सांगत होते.

थोरलीने वीट ओढली. पलीकडे धाकटीचा डोळा होता.

"ताई, निघाला का हंडा?"

"कसला निघतोय. आता कौलं काढायचं बोलणं चाललंय. थोड्या वेळाने घर उचलून हंडा जागेवर ठेवतील."

"गव्हाला मोड येतील तोवर."

"पिशवी बघितलीस?"

"बघितली." धाकटीचा आवाज जरा बसला. "ताई, त्या खरंच जातील हो. मागच्या सणाला आपण दोघींनी एकच भाजी दोन ताटांत दिली होती ना? तुमचीच. तरी त्यांनी दोन्हीकडे तेच म्हटलं. छान झालंय म्हणे."

थोरलीने विटेच्या शेजारची वीट ठोकून पाहिली आणि विचारलं, "तुझ्याकडे हातोडी आहे?"

"यांची आहे. घड्याळाची."

"तिने भिंत पडायला पुढचा सण उजाडेल."

"बत्ता आहे लोखंडी," धाकटी म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात म्हणून. मी आपली धाकटी."

"बरं, मी म्हणाले. आता बाजूला हो, पहिला घाव मी घालते."

थोरलीने फळीवरचे डबे उतरवले, फळी काढली, लाडूंसाठी नव्हे तर हाडं फोडायला म्हणून घेतलेला आपला खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि त्या विटेच्या शेजारच्या विटेवर घातला. कित्येक वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. पलीकडून दुसरा बत्ता पडला. मग इकडून. एक लय बसली.

अंगणात जावयाने मान वर केली. आपल्या पोराचं रडणं आई गर्दीत ओळखते. जावयाने आपली भिंत ओळखली.

तो आत धावला, मागून बाकीचे; धाकटा आपल्या दाराने पलीकडे. धूळ, विटेचे तुकडे, आणि दोन्हीकडे पदर खोचलेल्या दोन जावा.

"थांबा," जावई म्हणाला.

दोघी थांबल्या. धाकटी घाबरली, थोरलीने बत्ता नीट धरला.

"असं नाही फोडायचं. मधूनच कुठून तरी काय? वरून सुरुवात करा. उद्या लोक म्हणतील, दोन बायकांनी बत्त्याने पाडली. माझी भिंत आहे, नीट पाडू द्या मला." आणि त्याने आपल्या हत्यारांतून छिन्नी काढली.

"एक मिनिट," थोरला म्हणाला. "ही भिंत कुणाच्या परवानगीने पाडताय?"

थोरली त्याच्याकडे वळली. तिच्या केसांवर विटेची पूड होती. "अर्धी भिंत आपली ना? ती मी पाडतेय. पलीकडची अर्धी त्यांची, ती धाकटी पाडतेय. मधे काही उरलं तर ते तुमचं, जपून ठेवा."

निरीक्षकाने कायद्याच्या अंगाने विचार केला. हरकत घ्यायला जागा सापडेना. तेवढ्यात त्याची नजर झिजलेल्या कडांच्या विटेकडे गेली, मग फळीच्या खुणांकडे.

"ही वीट..."

"हवा खेळायला," लेक म्हणाली.

भिंतीपलीकडे धाकटाही त्याच विटेकडे बघत होता. घड्याळजीला सैल भाग लगेच कळतात. "म्हणजे," तो बायकोला म्हणाला, "रविवारचा तो रस्सा..."

"ताईंचा."

"आणि आमच्याकडचं लिंबाचं..." थोरल्याने सुरुवात केली.

"तिचं," थोरली म्हणाली. "तुम्ही दोन वेळा मागून घेतलं होतं."

दोन्ही भावांनी, एकमेकांना दिसत नसताना, एकाच प्रकारे खाकरून घसा साफ केला.

जावई भिंत पाडत होता. प्रत्येक विटेशी त्याचं भांडण होत होतं आणि प्रत्येक वेळी विटेची बाजू तोच घेत होता. "बघा, बघा. हलतेय का? याला म्हणतात गारा."

"कौतुक नंतर," लेक म्हणाली. "चूल पेटवलीय."

हळूहळू भोक पडलं. आधी पलीकडच्याचे डोळे दिसले, मग खांदे, मग अख्खा माणूस. थोरल्याला दिसलं की धाकट्याचे केस गेले आहेत. धाकट्याला दिसलं की थोरला चष्म्याला दोरी बांधायला लागलाय. रोज अंगणात दिसायचं ते हेच; पण ते पाठमोरं असायचं, किंवा यांची पाठ तरी असायची.

चौघांनी हंडा भोकाशी आणला. थोरला मागून लोटायला, धाकटा पुढून ओढायला. हंडा शिरला, अर्धा गेला आणि कानापाशी अडकला.

"डावीकडे घ्या," धाकटा धापा टाकत म्हणाला.

"माझी डावी का तुझी?" थोरल्याने विचारलं.

हा प्रश्न आईमार्फत आला नव्हता. धाकटीने तोंडावर पदर धरला. लेकीने नवऱ्याच्या दंडाला घट्ट धरलं. तो "छिन्नी लागेल" म्हणाला ते कुणी ऐकलं नाही.

"तुझी," धाकटा म्हणाला. आणि मग, एवढ्या वर्षांचं साचलेलं बोलायची संधी आलीच आहे म्हणून, "आणि जरा जोर लाव. पेन्शन घेतोस ना?"

पायरीवरून आईचा आवाज आला. "आता टोमण्यांनाही माणूस नको वाटतं."

थोरल्याने खिशातली टेप काढली, भोकाला लावायला हात उचलला, आणि तो थांबला. टेप त्याने बायकोकडे दिली. "दाजी, अजून एक वीट. अंदाजाने."

वीट निघाली. हंडा घणघणत पलीकडे गेला.

*

धाकट्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर दुपार होती, पण त्याने हे कुणाला सांगितलं नाही. चुलीवर हंडा रटरटत होता. पंचे काढून, धुऊन, वल्हं पुन्हा वल्हं झालं होतं. आईने आपलं स्टूल भोकात आणून ठेवलं होतं, दोन पाय इकडच्या फरशीवर, दोन तिकडच्या. पिशवी मांडीवर. दोन्हीकडची पोरं भोकातून येजा करायची म्हणून कारणं काढत होती. पाणी इकडचं प्यायचं आणि पेला तिकडे ठेवायचा, असं चाललं होतं.

पाळ्या ठरल्या. त्या धाकट्याच्या घड्याळाने ठरल्या, कारण घरात चालू घड्याळ तेच होतं. घड्याळजीच्या घरात बाकी सगळी घड्याळं दुरुस्तीला असतात.

"हे बरोबर आहे कशावरून?" थोरल्याने विचारलं.

"मी लावलंय."

"म्हणूनच विचारतोय."

तरी प्रत्येक वेळी वल्हं हातातून हातात गेलं. थोरला "घे" म्हणायचा, धाकटा "घेतलं" म्हणायचा, आणि दोघेही हे जरा मोठ्यानेच म्हणायचे, घरभर साक्षीदार असावेत असं. कांदा परतून पडला, मीठमसाला पडला. थोरलीने मीठ चिमटीत धरलं, सासूकडे पाहिलं. सासू दुसरीकडे बघत होती. थोरलीने घाबरून थोडं हात राखूनच टाकलं.

दुपार कलली तसं हंड्यातलं जडावलं. गहू मोडला, मटण सुटलं. घरभर तो वास पसरला, जो धाकट्याच्या मते जगात कुठल्याच हॉटेलात येत नाही. थोरल्याचं मत हेच होतं. हे दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही विषय बदलला.

तेवढ्यात जावई, जो इतका वेळ भोकाच्या कडा तासत बसला होता, म्हणाला, "इथे छान दार बसेल. सागाचं. कडी दोन्हीकडून."

"दार नको," थोरला वल्हं हलवता हलवता म्हणाला.

"का? भोक काय असंच ठेवणार?"

"कडी दोन्हीकडून म्हणजे भिंतच की ती, बिजागरीवर," धाकटा म्हणाला. "दादा, सांग त्यांना."

धाकट्याने थोरल्याला 'दादा' म्हणून बरीच वर्षं झाली होती. तो ऐकून वळला. "दाजी, तुम्हाला हात लावायची इतकी हौस असेल तर कमान करा. रुंद."

"किती रुंद?"

"हंडा जाईल इतकी," थोरला म्हणाला.

"हंडा जाऊन वर माणूस जाईल इतकी," धाकटा म्हणाला.

"मग भिंतीत उरलं काय?" जावयाने विचारलं. त्याच्या आवाजात खरं दुःख होतं.

दोन्ही भाऊ भोकाशी जाऊन त्याला समजावू लागले. हातवारे करून, एकमेकांची वाक्यं पुरी करत. लहानपणी दोघे मिळून एकाला धरायचे, तसं. थोरल्याने कमानीचं माप हवेत काढलं, धाकट्याने ते हवेतच वाढवलं. आई स्टुलावरून वर बघत होती. तिच्या डोक्यावर कमान आकार घेत होती.

वास पहिल्यांदा लेकीला आला.

तिला तो कळायला वेळ लागला नाही. ती चटकन वळली. हंड्यात वल्हं उभं होतं. नुसतं उभं, सरळ, कुणाच्याही हातात नसलेलं. आणि तळातून तो वास येत होता, करपल्याचा, जो या घरात एकदाच आला होता आणि भिंत बांधून गेला होता.

मग तो सगळ्यांना आला. जावई अर्ध्या वाक्यात थांबला. धाकटीने थोरलीचा हात शोधला. आता त्यासाठी विटेची गरज नव्हती. पोरंसुद्धा गप्प झाली, कारण भिंतीची गोष्ट त्यांना झोपताना सांगितलेली होती, दोन्ही घरांत वेगवेगळी.

आईने पिशवीचं तोंड फक्त जरा घट्ट धरलं.

थोरल्याने वल्ह्याकडे पाहिलं. धाकट्यानेही. आणि दोघे एकदम बोलले.

"पाळी माझी होती."

हे ऐकून दोघेही दचकले. थोरला आधी सावरला. "माझी होती. मी तुझ्या हातात दिलंच नव्हतं."

"वेळ भरली होती. मी घ्यायला हवं होतं."

"हातात दिल्याशिवाय पाळी संपत नाही. बाबांचा नियम आहे."

"नियम मला शिकवू नकोस. घड्याळ माझं आहे. माझ्या घड्याळाने माझी पाळी होती."

"तुझं घड्याळ पुढे असेल!"

"माझं घड्याळ पुढे नाही. चूक माझी आहे."

"थोरला मी आहे. चूक माझी."

"थोरला म्हणून काय सगळ्या चुका तुझ्याच? वाटणीत आम्हाला काही ठेवशील की नाही?"

आवाज चढले. नाकपुड्या फुगल्या. बोट नाचवणं सुरू झालं. जावयाने सवयीने बाजूला रचलेल्या विटांकडे पाहिलं. त्या पुरल्या असत्या.

थोरलीने दोघांच्या मधून जाऊन चुलीतली लाकडं ओढली. "तुमचं भांडण भारी आहे, सावकाश चालू द्या. बाकीच्यांनी ताटं घ्या. वरचं वर काढायचं, तळाला कुणी हात लावायचा नाही."

"तळ माझा," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मागच्या वेळी पण खरवड मीच खाल्ली होती," ती म्हणाली. "तुम्ही दोघं अंगणात भांडत होतात तेव्हा. सगळ्यात चांगला भाग तोच होता. सांगायला आले, तर तोवर तुम्ही घराच्या किमतीवर पोचला होतात. मग म्हटलं, राहू दे."

*

टेबलं दोन्ही घरांतून आणली आणि भोकातून आरपार लावली. ती सारख्या उंचीची नव्हती. मधे एक पायरी पडत होती. थोरल्याने ती पाहिली, खिशात टेप चाचपली, ती बायकोकडे आहे हे आठवून सोडून दिलं. आईला तिथेच बसवलं, जोडावर, अर्धी कमान डोक्यावर घेऊन.

"आई, पिशवी दे इकडे, ठेवते," लेक म्हणाली, आणि सुतळी सोडली. आत आईचं ताट होतं. जुनं, कडेला पोचे आलेलं, जुन्या एका पंच्यात गुंडाळलेलं. बाकी काही नव्हतं.

"कपडे कुठेत?"

"कपडे कशाला? मी कुठे जाणार होते?" आईने ताट पुढ्यात ठेवलं. "ताट मात्र माझंच लागतं मला. दहा वर्षं तुमच्या ताटांत जेवले, पोट भरलं नाही."

थोरलीने वाढलं. धाकटीने वर लोणी सोडलं. तळातली तांबूस खरवड थोरल्याने वल्ह्याने सोडवली, धाकट्याने ती कडेला ठेवली. मग कुणीच जेवायला सुरुवात केली नाही.

आईने घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. खरवडीचा तुकडा मोडून त्याला लावला आणि तोही खाल्ला. दोन्ही सुना, टेबलाच्या दोन बाजूंना, ताटाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होत्या. 'छान झालंय' येईल म्हणून थोरलीने मनाची तयारी केली होती.

"मीठ कमी आहे," आई म्हणाली.

थोरलीने टेबलापलीकडे धाकटीकडे पाहिलं.

"आणि कांदा घाईत परतलाय. धाकटे, तुझा ना? तरी म्हटलं. मटण कुणी आणलं? आणणाऱ्याने डोळे घरी ठेवले होते का?"

"मी आणलं," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

"कळतंय. आणि सैल आहे. पूर्वी 'ते' असं व्हायचं की मधे वल्हं उभं राहायचं."

"उभं राहिलं होतं की," थोरला म्हणाला. "म्हणून तर करपलं."

पहिल्यांदा धाकटा हसला. मग हसू टेबलावरून पायरी उतरून पलीकडे गेलं, पोरांत शिरलं, आणि परत आलं. जावई शेवटी हसला, आपल्या अर्ध्या भिंतीला टेकून. आईने कुणाकडेही लक्ष न देता ताट निपटलं, चाटून स्वच्छ केलं आणि पुढे सरकवलं.

"बघता काय? वाढा."

थोरलीने वाढलं. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. मीठ कमीच होतं. मग ती जोडावरून वाकून, जाऊ कानाशीच असतानाही सवयीने विटेतून बोलावं तशी हळूच म्हणाली, "ऐकलंस का गं? मीठ कमी म्हणाल्या."

"ऐकलं ताई," धाकटी म्हणाली. "दोन्हीकडे ऐकू आलं."